पहिलं नाव कुणाचं?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा दोघंही जीवशास्त्राचे. एकाच विद्यापीठात, एकाच विभागात दोघांची निवड झाली म्हणून घरात पेढे वाटून झाले होते. मला वाटलं, भाड्याच्या घराबद्दल किंवा मुलाच्या शाळेबद्दल काहीतरी विचारायचं असेल. पण प्रश्न निराळाच निघाला. दोघांनी मिळून एक काम केलंय, शोधनिबंध तयार होतोय, आणि विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला बाजूला घेऊन अगदी मायेनं सांगितलंय की नवऱ्याच्या नावाला नाव जोडू नकोस. उद्या बढतीच्या वेळी लोक म्हणणार, काम त्यानं केलं, हिचं नाव आपलं चिकटवलं. मावशी, तू सांग, काय करू, असं भाची विचारत होती.

मी लगेच काही बोलले नाही. रात्री फोन करते म्हटलं आणि ठेवला. कारण या प्रश्नाचं माझं स्वतःचं उत्तर मी चाळीसेक वर्षांपूर्वीच देऊन बसले होते, आणि ते मला आजही बोचतं. ते सांगेनच पुढे. पण त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता मला सारखी आठवत राहिली गर्टी कोरी.

बायोकेमिस्ट्री शिकलेल्या मैत्रिणींना कोरी हे नाव नवीन नाही. कोरी सायकल म्हणून एक आकृती परीक्षेत हमखास यायची. मीही ती फळ्यावर शेकडो वेळा काढली. आमच्या वेळच्या पुस्तकात नुसतं कोरी एवढंच असायचं. त्यामुळे कोरी म्हणजे कोणीतरी चष्मेवाले, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ असणार, अशी माझी समजूत. शिकवायला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं की कोरी एक नाही, दोन आहेत. कार्ल आणि गर्टी. नवरा-बायको. मग ग्रंथालयात जे मिळेल ते वाचत गेले.

गर्टी राडनिट्झ जन्मली प्रागमध्ये, १५ ऑगस्ट १८९६ रोजी. (तारीख माझ्या पक्की लक्षात राहण्याचं कारण सांगायला नको!) प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. घर ज्यू, खाऊनपिऊन सुखी. वडील रसायनतज्ज्ञ, साखर कारखान्यांचे व्यवस्थापक. पुढे लेकीनंही जन्मभर साखरेचाच माग काढला, पण शरीरातल्या. तीन बहिणींतली ही थोरली. तिला घातलं ते मुलींच्या शाळेत, जिथं चारचौघांत शोभेल एवढं शिक्षण मिळत असे. घरातले एक वडीलधारे बालरोगांचे प्राध्यापक होते. त्यांनी मेडिकलला जा म्हणून सुचवलं. पण तिथं प्रवेश हवा तर लॅटिन हवं, गणित हवं, पदार्थविज्ञान हवं, आणि यातलं काहीच त्या शाळेत धड शिकवलेलं नव्हतं. मुलगे जे वर्षानुवर्षं शिकत, ते या पोरीनं अगदी थोड्या काळात रेटून पूर्ण केलं आणि १९१४मध्ये प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश मिळवला.

तिथं भेटला कार्ल कोरी. तिच्याच वर्गात, तिच्याच वयाचा. तो उंच, शांत, जरा लाजरा. ही बडबडी, हसरी, पायाला भिंगरी लावलेली. दोघांनाही डोंगर चढायचं वेड, बर्फावर स्कीइंगचं वेड, आणि प्रयोगशाळेचं तर त्याहून जास्त. मध्येच पहिलं महायुद्ध आलं, कार्लला सैन्यात जावं लागलं. परतल्यावर पुन्हा दोघं कामाला लागले. विद्यार्थी असतानाच दोघांनी रक्तद्रवावर एकत्र संशोधन केलं आणि दोघांच्या नावानं ते छापून आलं. म्हणजे लग्नाआधी शोधनिबंध! १९२०मध्ये दोघांनाही डॉक्टरची पदवी मिळाली आणि त्याच वर्षी लग्न झालं. कार्लच्या घरून विरोध होता. मुलगी ज्यू, त्यामुळे मुलाचं पुढचं करिअर बिघडेल ही भीती. गर्टीनं लग्नासाठी कॅथलिक धर्म स्वीकारला, तरी ती भीती काही कमी झाली नाही. हिच्यामुळे त्याचं नुकसान होईल, हे वाक्य गर्टीच्या मागे तेव्हापासून लागलं ते पंचवीस वर्षं सुटलं नाही. बोलणारी माणसं बदलली, देश बदलला, वाक्य तेच.

युद्धानंतरच्या व्हिएन्नात अन्नाची मारामार होती. गर्टी तिथल्या एका मुलांच्या रुग्णालयात काम करत होती. जेवण इतकं निकस की तिचे डोळे कोरडे पडायला लागले. अ जीवनसत्त्व कमी पडलं की असं होतं, हे आपल्याकडे पाळणाघरातल्या बाईलाही ठाऊक असतं. माहेरी प्रागला जाऊन चार दिवस नीट जेवल्यावर डोळे बरे झाले. पण इथं राहण्यात अर्थ नाही हे दोघांनी ओळखलं. ज्यू बायको असलेल्या माणसाला युरोपात पुढे काय वाढून ठेवलंय, याची चुणूकही दिसायला लागली होती. १९२२मध्ये कार्लला अमेरिकेत बफेलोच्या कर्करोग संशोधन संस्थेत नोकरी मिळाली. गर्टी मागाहून, सहा महिन्यांनी पोचली. तिलाही तिथंच जागा मिळाली, पण वेगळ्या विभागात आणि खालच्या पदावर.

आणि इथंच ते नाटक सुरू झालं. गर्टीनं आपल्या खोलीत बसून सूक्ष्मदर्शकातून पेशी बघाव्यात, कार्लच्या प्रयोगशाळेत जाऊ नये, असं संस्थेच्या संचालकांनी तिला बजावलं. नवऱ्याबरोबर काम करणं थांबवलं नाही तर नोकरी जाईल, इथपर्यंत मजल गेली. तिनं काय केलं? काही दिवस मुकाट खोलीत बसली आणि मग हळूहळू पुन्हा कार्लच्या टेबलाशी जायला लागली. कुणी फारसं काही बोललं नाही. म्हणजे बोललं असेल, पण यांनी ऐकलं नाही.

नऊ वर्षं ती दोघं बफेलोत होती. तेवढ्यात दोघांचे मिळून पन्नासेक शोधनिबंध निघाले. शिवाय गर्टीनं एकटीच्या नावावर अकरा लिहिले. आणि आता ती गोष्ट, जी मी भाचीसाठी मनात जपून ठेवली होती. जोडीच्या निबंधात पहिलं नाव कुणाचं, याचा त्यांच्या घरचा नियम साधा होता. त्या कामात ज्याचा हात जास्त, त्याचं नाव आधी. कधी कार्ल आणि गर्टी, कधी गर्टी आणि कार्ल. नवरा म्हणून पहिला नाही आणि बायको म्हणून कौतुकानं पुढे काढलेली नाही.

कोरी सायकल त्यांनी इथंच मांडली, १९२९मध्ये. ज्यांनी हा विषय कधी घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपण भात-पोळी खाल्ली की त्याची साखर होते आणि उरलेली साखर ग्लायकोजेन नावानं यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते. एकादशीला सकाळपासून पोटात काही नसूनही आपण स्वयंपाक करत उभ्या असतो, त्या या यकृतातल्या साठ्याच्या जिवावर. आता समजा, तुम्ही पर्वतीच्या पायऱ्या दमानं न चढता धावत चढलात. मांडीच्या स्नायूंना इतकी घाई असते की पुरेसा प्राणवायू पोचेपर्यंत थांबायला वेळ नाही. ते आपल्याकडची साखर अर्धवटच वापरतात आणि लॅक्टिक अॅसिड तयार होतं. मग या लॅक्टिक अॅसिडचं काय होतं? कोरींनी दाखवलं की ते रक्तातून यकृताकडे जातं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं आणि ती साखर रक्तातून परत स्नायूंना मिळते. थोडक्यात, रद्दी टाकून न देता तिचा पुन्हा कागद करायचा. (जाता जाता, दुसऱ्या दिवशी जे पाय दुखतात ते लॅक्टिक अॅसिडमुळे, असं मीही वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं. ते तसं नाही, ते तासाभरात रक्तातून निघून जातं. विद्यार्थ्यांनी माफ करावं.)

एवढं काम झाल्यावर कार्लला मोठ्या विद्यापीठांकडून बोलावणी यायला लागली. कार्लला. गर्टीला नाही. महामंदीचे दिवस, एका घरात दोन पगार कशाला, असं सगळ्यांचंच मत. कित्येक विद्यापीठांत तर नवरा-बायकोला एका ठिकाणी नोकरी देऊ नये असा नियमच होता. एकाच्या घरचे दुसऱ्याला वशिल्यानं आत घेतील ही त्यामागची भीती. ऐकायला नियम अगदी न्यायाचा वाटतो. पण घरी कोण बसायचं हे ठरलेलंच असायचं. भौतिकशास्त्रात पुढे नोबेल मिळवणाऱ्या मारिया गोपर्ट मायर यांनीही याच नियमांपायी वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं.

रॉचेस्टरच्या विद्यापीठानं कार्लला जागा देऊ केली ती एका अटीवर. बायकोबरोबर संशोधन बंद. गर्टीला वेगळं बाजूला घेऊन समजावण्यात आलं की नवऱ्यानं बायकोबरोबर काम करणं अमेरिकेच्या रीतीला धरून नाही, आणि तू त्याच्या वाटेतला धोंडा होते आहेस. १९२८मध्येच दोघं अमेरिकेचे नागरिक झाले होते, त्यामुळे हा टोला जास्तच लागला असणार. गर्टी रडली, हे नोंदलेलं आहे. तशी ती रडूबाई नव्हती. कार्लनं ती जागा नाकारली.

इथं मला थांबावं लागतं.

आमचे हे आणि मी एकाच विभागात शिकवत होतो. गाव, कॉलेज काही सांगत नाही, त्याला आता अर्थ नाही. मोड आलेल्या मटकीतल्या एका एन्झाइमवर आम्ही दोघांनी दोन वर्षं काम केलं. मटकी भिजवणं, दर सहा तासांनी नमुने काढणं, रात्री दहाला मुलाला सासूबाईंकडे ठेवून पुन्हा लॅबमध्ये जाणं, यातलं निम्म्याहून जास्त मी केलं होतं. निबंध लिहून झाला, तेव्हा विभागप्रमुखांनी आम्हाला चहाला बोलावलं. चांगला माणूस हो, वाईट हेतू नव्हता. ते म्हणाले, यांची रीडरच्या जागेसाठी मुलाखत आहे, दोघांची नावं बघून समितीला नको ती शंका येईल. बाईंचं नाव आभारात घालू. मी यांच्याकडे बघितलं. हे कपातल्या चहाकडे बघत होते. मग मीच म्हटलं, हो, काही हरकत नाही.

जागा यांना मिळाली. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही, संसार छान झाला. पण तो निबंध आजही कपाटात आहे आणि त्याच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात बारीक टायपात, माझं नाव आहे. तांत्रिक मदतीबद्दल. त्याच यादीत काचसामान धुणाऱ्या मामांचंही नाव आहे. मामांबरोबर असण्याचं मला काहीच वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मी हो म्हटल्याचं. पुढे मी शिकवलं मन लावून, पण संशोधन पुन्हा केलं नाही.

असो. गर्टीकडे वळू.

१९३१मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं कार्लला औषधशास्त्र विभागाचं प्रमुखपद दिलं आणि गर्टीलाही घ्यायचं कबूल केलं. म्हणजे नियम जरा वाकवला. पण घेतलं ते रिसर्च असोसिएट म्हणून, नवऱ्याच्या पगारापुढे अगदीच किरकोळ पगारावर. काम तेच, टेबल तेच, वेळ तीच. कार्लला मी उगाच देव करणार नाही. त्यानं तिच्याबरोबर काम करणं सोडलं नाही, हे खरं. पण त्याच विभागाचा तो प्रमुख असताना ती डझनभर वर्षं असोसिएटच राहिली, हेही खरं. युद्धकाळात पुरुष माणसं कमी पडायला लागली, तेव्हा कुठे तिला सहयोगी प्राध्यापक केलं. पूर्ण प्राध्यापक झाली १९४७मध्ये, नोबेलच्या काही महिने आधी. अगदी वेळेवर, म्हणायचं!

पण त्या विभागात काम कसं चालायचं, ते मात्र वाचण्यासारखं आहे. बाकीच्या ठिकाणी एकेका प्राध्यापकाचं एकेक संस्थान असे. माझी खोली, माझे विद्यार्थी, माझं उपकरण. कोरींकडे तसं नव्हतं. दुपारी सगळे जेवायला एकत्र जमत. प्राध्यापक, विद्यार्थी, परदेशातून आलेले पाहुणे, सगळे. गप्पा प्रयोगांच्या, पण तेवढ्याच राजकारणाच्या, पुस्तकांच्या, दारूच्या चवीच्याही. गर्टी प्रचंड वाचायची, दर आठवड्याला ग्रंथालयातून पुस्तकांचा गठ्ठा आणायची, आणि कादंबरीपासून इतिहासापर्यंत काहीही बोलायची. दोघं बोलत असली की एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं संपवायचं, असं तिथं राहून गेलेल्या बहुतेकांनी लिहून ठेवलंय. कल्पना कुणाला आधी सुचली हे मग विचारायचं कुणाला?

स्वभावानं ती सोपी नव्हती हं. हातात सतत सिगारेट. टेबलावर कामाला बसली की राख कुठे पडतेय याचं भान नाही. मोजमापात एका थेंबाची चूक सहन व्हायची नाही, आणि चुकलेल्याला सगळ्यांसमोर ऐकवायची. काही सापडलं की मात्र खोलीतून धावतच कार्लकडे जायची, लहान मुलीसारखी. प्रयोगशाळेत जास्त वेळ ती असायची. कार्ल शांतपणे विचार करून मांडणी करायचा. दोघांचे हात वेगळे, डोकी वेगळी, आणि म्हणूनच जमलं असावं. सारख्या स्वभावाची दोन माणसं एका ओट्यावर किती टिकतात ते आपल्याला माहीत आहेच.

१९३६च्या उन्हाळ्यात सेंट लुईसमध्ये उष्म्यानं कहर केला होता. एअर कंडिशनर नाही. गर्टीला दिवस गेलेले, तेही लग्नानंतर सोळा वर्षांनी, चाळिशी आलेली असताना. त्या अवस्थेत ती आणि कार्ल बेडकाच्या स्नायूंच्या लगद्यावर काम करत होते. साठवलेलं ग्लायकोजेन फुटतं तेव्हा पहिल्यांदा नेमकं काय तयार होतं, हा प्रश्न. त्यांना एक नवीनच पदार्थ सापडला, ग्लुकोज-१-फॉस्फेट. त्याला आजही कोरी एस्टर म्हणतात. प्रसूतीची वेळ येईपर्यंत ती प्रयोगशाळेत होती. ऑगस्टमध्ये मुलगा झाला, टॉम. लवकरच ती पुन्हा टेबलाशी हजर.

मग पुढची पायरी. हे फोडण्याचं काम कोणतं एन्झाइम करतं तेही त्यांनी शोधलं, फॉस्फोरिलेज. आणि १९३९मध्ये परीक्षानळीत उलटं ग्लायकोजेन तयार करून दाखवलं. एवढा मोठा रेणू जिवंत पेशीबाहेर बनू शकतो, यावर तोवर कुणाचा विश्वास बसला नसता. या कामात नावं बघा, सारखी बदलतात. कुठे विद्यार्थी असलेला सिडनी कोलोविक, कुठे पाहुणा आलेला गेरहार्ड श्मिट. फॉस्फोरिलेजचे स्फटिक मिळवण्यात मोठा हात आर्डा ग्रीन या बाईंचा, आणि त्या निबंधावर त्यांचं नाव ठळक आहे. ग्लायकोजेन तेच, नावांची जुळणी दर वेळी नवी.

या टेबलावर जेवून गेलेल्यांपैकी आणखी सहा जणांना पुढे नोबेल मिळालं. सेव्हेरो ओचोआ, आर्थर कॉर्नबर्ग, लुईस लेलुआर, अर्ल सदरलँड, क्रिस्तियान द दूव्ह आणि एडविन क्रेब्ज. ओचोआ स्पेनमधून युद्धामुळे भटकत आलेला, लेलुआर अर्जेंटिनाचा, द दूव्ह बेल्जियमचा. इतर विभाग ज्यू म्हणून किंवा बाई म्हणून ज्यांना घ्यायला कचरत, त्यांना इथं खुर्ची मिळे. १९४६मध्ये मिल्ड्रेड कोन आल्या. त्यांचे पती हेन्री प्रिमाकॉफ याच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात नेमले गेले होते. कोरींनी मिल्ड्रेडना हवं ते काम करायची पूर्ण मोकळीक दिली आणि त्यांनी तिथं फार मोठं काम केलं. पण पद? रिसर्च असोसिएट. बारा वर्षं! गर्टीच्याच डोळ्यांसमोर, गर्टीचीच गोष्ट पुन्हा. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. टेबलाशी सगळे सारखे आणि पगारपत्रकावर नाही, हे त्या दोघांनाही मोडता आलं नाही, की मोडावंसं वाटलं नाही, कोण जाणे.

१९४७. उन्हाळ्यात दोघं कोलोरॅडोत डोंगर चढायला गेली होती. आयुष्यभर चढत आलेल्या गर्टीला अचानक दम लागायला लागला, चक्कर यायला लागली. तपासण्या झाल्या. अस्थिमज्जेचा आजार होता, रक्त तयार होणंच कमी होत चाललेलं. उपाय नाही. आणि ऑक्टोबरमध्ये नोबेलची बातमी आली. अर्धं पारितोषिक कोरी दांपत्याला, अर्धं अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांना. वैद्यकशास्त्रातलं नोबेल मिळवणारी गर्टी ही पहिली स्त्री. विज्ञानाच्या विषयांत तिच्याआधी फक्त मेरी क्यूरी आणि त्यांची लेक इरेन, आणि त्या दोघींनीही ते नवऱ्याबरोबर मिळवलेलं (मेरीबाईंचं दुसरं सोडून). स्टॉकहोमच्या मेजवानीत कार्लनं आभार मानताना सांगितलं की आमचं दोघांचं काम विद्यार्थिदशेपासून एकमेकांना पूरक राहिलं आणि एकटं कुणीच इतकं लांब पोचलं नसतं. बफेलोचे आणि रॉचेस्टरचे साहेब ते वाचत असतील का, असं माझ्या मनात येतंच.

त्यानंतर गर्टी दहा वर्षं जगली, रक्त चढवून घेत. प्रयोगशाळेलगतच्या छोट्या खोलीत एक कॉट टाकली होती. थकली की तिथं आडवी व्हायची, उठली की पुन्हा कामाला. शेवटी शेवटी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं तर कार्ल तिला उचलून न्यायचा.

आणि मला वाटतं, तिचं सर्वांत मोलाचं काम याच दहा वर्षांतलं आहे. काही तान्ह्या मुलांचं यकृत फुगतं, पोट मोठं दिसतं, आणि दोन-चार तास दूध मिळालं नाही की रक्तातली साखर इतकी उतरते की मूल झटके देतं. आयांना वाटायचं, आपल्याच दुधात काही खोट आहे. १९५२मध्ये गर्टी आणि कार्लनं दाखवून दिलं की या आजाराच्या एका प्रकारात यकृतातलं एक विशिष्ट एन्झाइमच नसतं. साठा भरपूर, पण त्यातून साखर सोडणारं कोणी नाही. एखादा आनुवंशिक आजार एका एन्झाइमच्या अभावानं होतो, हे माणसात पहिल्यांदा सिद्ध झालं ते इथं. अशाच दुसऱ्या एका प्रकारावर तिनं बार्बरा इलिंगवर्थ या सहकारी बाईबरोबर काम केलं, त्याला आज कोरी डिसीज म्हणतात. १९८४मध्ये डॉक्टरांनी पहिल्या प्रकारच्या मुलांसाठी एक सोपा उपाय मांडला. न शिजवलेलं कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून ठरावीक वेळानं द्यायचं, ते सावकाश पचतं आणि रात्रभर साखर टिकते. रात्री अलार्म लावून उठणाऱ्या कितीतरी आया त्या डब्यातलं पीठ कालवतात, त्यांना गर्टीचं नाव माहीत असण्याचं कारण नाही.

२६ ऑक्टोबर १९५७ रोजी ती गेली, सेंट लुईसच्या घरी. कार्ल पुढे १९८४पर्यंत जगला, त्यानं दुसरं लग्नही केलं. २००८मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं गर्टीचं तिकीट काढलं, ४१ सेंटचं. तिच्या चेहऱ्याशेजारी कोरी एस्टरची आकृती छापली, आणि नेमकी तीच थोडी चुकली. एका थेंबाची चूक सहन न होणारी बाई! कुणाला तरी चांगलंच ऐकवलं असतं तिनं.

रात्री मी भाचीला फोन केला. ही सगळी गोष्ट सांगितली. मटकीची पण सांगितली, जी तिला आजवर माहीत नव्हती. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं अडचण मांडली की गुणांचा हिशेब असतोच ना मावशी. तो आहेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण धरले होते. ७० आणि ७० मिळून १४० होतात, म्हणजे दोघांनी मिळून केलेलं काम सरकारी हिशेबातसुद्धा एकट्यापेक्षा जास्त भरतं, असं मी म्हटल्यावर ती हसली. बढतीच्या मुलाखतीत कुणी कुजकं बोललं तर ते कोणत्या तक्त्यात बसवायचं, हे मात्र मला सांगता आलं नाही. दोघांनी एक वही घालावी, कोणता प्रयोग कुणी केला, कोणत्या दिवशी, कुणाच्या अक्षरात, आणि निबंध लिहिताना ती वही उघडून पहिलं नाव ठरवावं, एवढंच बफेलोच्या हिशेबानं सुचवलं.

फोन स्पीकरवर होता. हे शेजारीच पेपर वाचत होते, म्हणजे पान उलटत नव्हते. फोन ठेवल्यावर हे उठले, कपाटातून तो जुना निबंध काढला, शेवटचं पान उघडलं आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा डोक्यावरच होता.

पुढच्या रविवारी भाची आणि भाचेजावई जेवायला येणार आहेत, खर्डा घेऊन. उसळ मटकीचीच करायची ठरली आहे.